कॉलेजचा पोर्टफोलिओ नोकरीच्या अर्जाला जोडू का?

ताई, नमस्कार.

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या शेवटच्या सत्रात आहे. माझा विषय विज्ञान. प्रवेश घेतल्यापासून कॉलेजने आम्हाला ई-पोर्टफोलिओ ठेवायला लावला. पाठ टाचणं (पाठांचे लेखी आराखडे), निरीक्षण नोंदी, छात्रसेवाकालातले, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावातले फोटो, प्रत्येक पाठानंतरचं चिंतन, प्रमाणपत्रं असं सगळं मिळून शंभरावर फाइली झाल्या आहेत. त्याला गुणही चांगले मिळाले. मग मी तीच लिंक नोकरीच्या अर्जांना जोडली. एका शाळेच्या मुख्याध्यापिका मुलाखतीत म्हणाल्या, "तुमचा पोर्टफोलिओ उघडला, पण त्यात नेमकं काय बघायचं ते कळलं नाही." दुसऱ्या ठिकाणी लिंक उघडलीच नाही. फार वाईट वाटलं, कारण त्यासाठी मी रात्री जागवल्या आहेत.

माझा सगळ्यात जमलेला पाठ विद्युत परिपथाचा. पण पहिल्या वर्गात तो पार फसला होता. दुसऱ्या वर्गात बदलून घेतला, तेव्हा जमला. फसलेल्या पाठाचं टाचण आणि चिंतन काढून टाकू का? आमचा चौघांचा एक गटप्रकल्प आहे, तो माझा म्हणून दाखवता येईल का? मुलांचे फोटो ठेवावेत का? एका मैत्रिणीने पैसे भरून वेबसाइट करून घेतली, दुसरी सगळी चिंतनं एआयकडून लिहून घेते. मीच मागे पडतेय असं वाटतं. हे सगळं कुणी बघतं तरी का?

– एक छात्राध्यापिका

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्यातूनच फुटले आहेत. हो, बघतात. पण तुला वाटतं तेव्हा आणि तसं नाही. अर्जांचा गठ्ठा समोर असतो तेव्हा आधी बायोडेटा चाळला जातो. पात्रता, विषय, अनुभव एवढं पाहून नावं बाजूला काढली जातात. पोर्टफोलिओची वेळ येते ती त्यानंतर, कुणाला बोलवायचं हे ठरवताना किंवा मुलाखतीच्या थोडं आधी, आणि बरेचदा मोबाइलवर. उघडणाऱ्या माणसाला त्या घटकेला एकच गोष्ट हवी असते: ही व्यक्ती उद्या आमच्या वर्गात उभी राहिली तर काय करेल, याचा काहीतरी पुरावा. त्या मुख्याध्यापिकांनी तुझी लिंक उघडली, वेळ दिला आणि काय कळलं नाही ते समोर सांगितलं. त्या वाक्याने तू दुखावलीस हे मला समजतं. तरी तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात उपयोगाचं वाटलं ते तेच वाक्य.

अडचण कुठे झाली ते सांगते. कॉलेजच्या पोर्टफोलिओचे वाचक तुझे अध्यापक होते. ते तुला ओळखतात, सगळं वाचणं हे त्यांचं कामच आहे, आणि पहिल्या सत्रातली तू आणि आताची तू यांत काय फरक पडला ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी सगळ्या फाइली लागतातच: कच्चं टाचण, त्यावरचे शेरे, सुधारलेलं टाचण, पुन्हा शेरे. २०१६ साली असोसिएशन ऑफ अमेरिकन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज या संघटनेने विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर ठळक परिणाम करणाऱ्या पद्धतींच्या आपल्या यादीत ई-पोर्टफोलिओ घेतला. त्यामागचा विचारही हाच होता, की वेगवेगळ्या विषयांत आणि वेगवेगळ्या सत्रांत केलेलं काम एका जागी आलं, त्यावर विचार करून लिहिलं, की विद्यार्थ्याला स्वतःची वाटचाल दिसू लागते.

नोकरी देणाऱ्याला मात्र ती सगळी वाटचाल बघायची नसते. तू आज कुठे उभी आहेस, ते बघायचं असतं. तो तुला ओळखत नाही, शेवटपर्यंत वाचायचं बंधन त्याच्यावर नाही, आणि कॉलेजने कोणत्या निकषांवर गुण दिले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एकासाठी मांडलेलं तू दुसऱ्याच्या हातात दिलंस, एवढंच झालं. तुझं काम कमी पडलेलं नाही.

म्हणून तो शंभर फाइलींचा साठा मोडू नकोस. तो तसाच ठेव, पण खासगी ठेव. त्याची लिंक आता कुणालाही द्यायची नाही. त्यातून नोकरीसाठी निवड करायची आणि ती निवड वेगळ्या जागी, वेगळ्या पानांवर मांडायची. पुढे दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी अर्ज केलास, समजा अभ्यास साहित्य तयार करणाऱ्या एखाद्या संस्थेत, तर त्याच साठ्यातून दुसरी निवड होईल. दर काही महिन्यांनी नवं काम साठ्यात पडत राहील. साठा एकच, निवडी मात्र वाचकाप्रमाणे वेगळ्या.

किती निवडायचं? नव्या शिक्षकाला चार कामं पुरतात असं माझं ठाम मत आहे. शाळेला तुझ्याबद्दल साधारण चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. शिकवता येतं का? मुलांना आलं की नाही हे ओळखता येतं का? मागे राहिलेल्या मुलासाठी काय करतेस? इतरांबरोबर काम करता येतं का? प्रत्येक प्रश्नाला एक काम दे. पहिल्यासाठी तुझा परिपथाचा पाठ. दुसऱ्यासाठी तू काढलेली एखादी चाचणी, पण तिच्यासोबत मुलांची कोणती उत्तरं चुकली आणि त्यातून तुला काय कळलं ते हवं. कोरी प्रश्नपत्रिका काहीच सांगत नाही. तिसऱ्यासाठी एखाद्या मुलाबरोबर किंवा छोट्या गटाबरोबर केलेलं काम, ओळख पूर्ण लपवून. चौथ्यासाठी गटप्रकल्प. प्रमाणपत्रं काढून टाक. त्यांची जागा बायोडेटात आहे आणि तिथे एका ओळीत ती मावतात. कार्यशाळांचे सामूहिक फोटोही काढ. त्यात तू शिकवताना दिसत नाहीस, उपस्थित असल्याचं दिसतं.

आता फसलेल्या पाठाकडे येते. तुझ्या पत्रातला हा प्रश्न वाचून मी सावरून बसले. तो पाठ काढून टाकायचा विचार तू करते आहेस, आणि माझ्या मते तुझ्या पोर्टफोलिओचं पहिलं पान तेच असायला हवं: पहिला पाठ आणि दुसरा पाठ, शेजारी शेजारी. छान झालेला पाठ सगळेच दाखवतात. तो छान का झाला, हे त्यातून कळत नाही. वर्ग चांगला असेल, विषय सोपा असेल, मार्गदर्शकांनी टाचण दुरुस्त करून दिलं असेल. पण एकच पाठ एका वर्गात पडला, तू त्यामागचं कारण शोधलंस, काहीतरी बदललंस आणि दुसऱ्या वर्गात तो उभा राहिला, एवढं दिसलं की वाचणाऱ्याला तुझी विचार करण्याची पद्धत दिसते. शाळेला खरी गरज तिचीच असते, कारण पहिल्या वर्षी पाठ फसणारच आहेत हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मात्र हे कसं लिहितेस यावर सगळं अवलंबून आहे. गुणांसाठी लिहिलेल्या चिंतनात बहुतेक वेळा अशी वाक्यं असतात: "या पाठामुळे माझा आत्मविश्वास वाढला. मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पुढील वेळी वेळेचे नियोजन अधिक चांगले करेन." ही वाक्यं कुठल्याही विषयाच्या, कुठल्याही पाठाखाली चिकटवता येतात, म्हणून ती वाचून काही हाती लागत नाही. त्याऐवजी साधारण असं काही लिही. तुझ्या वर्गात नेमकं काय घडलं ते मला माहीत नाही, म्हणून मी तपशील कल्पनेने भरले आहेत. तू तुझे खरे भर.

"इयत्ता सातवी, साधा विद्युत परिपथ. पहिल्या वर्गात मी आधी फळ्यावर आकृती काढून परिपथ समजावला आणि मग प्रयोग करून दाखवला. शेवटी कोऱ्या कागदावर बल्ब पेटेल अशी जोडणी काढायला सांगितली, तेव्हा बऱ्याच मुलांनी सेलच्या एका टोकापासून बल्बपर्यंत एकच रेघ ओढली. बंद परिपथ हा शब्द त्यांना पाठ झाला होता, पण वीज सेलमधून निघून बल्बपर्यंत पोचली की काम झालं, ही समजूत तशीच होती. दुसऱ्या वर्गात मी क्रम उलटा केला. प्रत्येक गटाला एक सेल, एक बल्ब आणि एकच तार दिली आणि काही न सांगता बल्ब पेटवायला सांगितलं. जमलेल्या आणि न जमलेल्या सगळ्या जोडण्या मुलांनी वहीत काढल्या. आकृती आणि 'बंद परिपथ' हा शब्द त्यानंतर आला. शेवटी तोच कोरा कागद पुन्हा दिला. या वेळी बहुतेकांच्या आकृतीत परतीची वाट होती. काही मुलं बल्बच्या बुडाशी अडकली. बल्बच्या आत तार कुठून कुठे जाते, हे पुढच्या वेळी आधी दाखवेन."

यात कुठेही "मी एक मेहनती आणि सर्जनशील शिक्षिका आहे" असं म्हटलेलं नाही. ते म्हणायची गरज उरली नाही. मुलांचं उत्तर काय आलं, त्यावरून तू काय ओळखलंस, काय बदललंस, बदलल्यावर काय झालं आणि अजून काय राहिलं, एवढंच त्यात आहे. शेवटचं वाक्य सोडू नकोस. अजून काय राहिलं हे ज्याला सांगता येतं, त्याच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसतो.

या टिपणाखाली दोन्ही टाचणांचं फक्त एक-एक पान लाव. पूर्ण टाचण हवं असेल तर ते मागतील. आकृत्यांचे एक-दोन नमुने लाव, पण मुलांच्या हस्ताक्षरातले नाही, तू स्वतः पुन्हा काढलेले. का, ते पुढे येतंच.

चिंतन हा प्रकार फक्त परीक्षेपुरता असतो, अशी तुम्हा मुलींची समजूत झालेली दिसते. तसं नाही. ब्रिटनमधल्या परिचारिकांचं उदाहरण बघ. एप्रिल २०१६ पासून तिथे दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना, इतर अटींबरोबरच, आपल्या कामाबद्दलची पाच लेखी चिंतनं तयार ठेवावी लागतात, आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी बसून चर्चाही करावी लागते. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांनाही हे चुकलेलं नाही. "काय घडलं आणि मी त्यातून काय घेतलं" हे थोडक्यात लिहिता येणं ही नोकरीत लागणारी गोष्ट आहे. तू त्याचा सराव केला आहेस, फक्त तो गुणांच्या भाषेत केला आहेस. भाषा बदल.

इथेच तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीचं उत्तर आहे. एआयला शुद्धलेखन तपासायला सांग, मजकूर लांबला असेल तर कुठे कापता येईल ते विचार, यात काही वावगं नाही. पण तुझ्या वर्गात काय घडलं ते एआयला माहीत असणं शक्य नाही, कारण तिथे तू होतीस. त्याला लिहायला सांगितलं तर तो "मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" हेच अधिक सफाईने लिहून देईल. मुलाखतीत त्या पानावर बोट ठेवून कुणी विचारलं, "मग त्या मुलांनी नेमकं काय काढलं होतं?" की जिने स्वतः आठवून लिहिलंय तिला पुढे दहा मिनिटं बोलता येतं. तुझ्या मैत्रिणीलाही हे सांग, तिची काळजी वाटते मला. आणि एक सक्त सूचना: मुलांची नावं, गुण, त्यांच्या अडचणींच्या नोंदी अशा कुठल्याही साधनात टाकू नकोस.

आता मुलांचे फोटो. या बाबतीत मी जरा कडक आहे आणि कडकच राहणार आहे.

नोकरीच्या पोर्टफोलिओत मुलांचे चेहरे नकोत. छात्रसेवाकालात शाळेने फोटो काढू दिले असतील, पालकांनी कागदावर सहीही केली असेल, पण ती परवानगी बहुधा तुझ्या अभ्यासापुरती होती. लिंक असलेल्या कुणालाही दिसेल अशा पानावर तो फोटो वर्षानुवर्षं राहणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेगळी, स्पष्ट, लेखी परवानगी लागते. त्या मुलाला तर कुणी विचारलेलंही नसतं. चेहरा धूसर केला की झालं, असं समजू नकोस. गणवेशावरचं बोधचिन्ह, मागच्या भिंतीवरचं शाळेचं नाव, वहीच्या मुखपृष्ठावरचं नाव, फळ्यावर लिहिलेली तारीख आणि तुकडी, यांतून ओळख पटते. व्हिडिओत आवाज असतो, आणि तूच एखाद्या मुलाला नावाने हाक मारलेली असतेस. शिवाय मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, तो पर्याय चालू असेल तर, कुठे आणि कधी काढला हेही नोंदलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फाइल उतरवून घेणाऱ्याला वाचता येतं. फोटो टाकण्याआधी ती माहिती काढून टाक. फोनमधूनच पाठवताना ठिकाण वगळण्याचा पर्याय असतो. नाहीतर फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो वापर.

मग दाखवायचं काय? मांडलेलं साहित्य दाखव. पाठ संपल्यावरचा फळा दाखव. सेल-बल्बच्या जोडण्या दाखव. मुलांची उत्तरं दाखवायची असतील तर ती स्वतः पुन्हा लिहून किंवा काढून दाखव आणि खाली तसं नोंदव. एखाद्या मुलाची गोष्ट सांगताना नाव बदलणं पुरेसं नसतं. ज्या खुणांनी त्या शाळेतला कुणीही "अरे, हा तर तो" म्हणेल, त्या खुणाही बदल किंवा गाळ. वर ज्या परिचारिकांचं सांगितलं, त्यांच्या चिंतनातही कुणाही रुग्णाची ओळख पटेल असं काही येता कामा नये, असाच नियम आहे. शाळा चालवणाऱ्याला हे चटकन दिसतं. तुझ्या पानांवर एकही चेहरा नाही आणि तळाशी "मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून सर्व नमुने पुन्हा रेखाटले आहेत" अशी एक ओळ आहे, हे बघून त्यांना तुझ्याबद्दल जेवढं कळेल, तेवढं हसऱ्या वर्गाच्या फोटोतून कळणार नाही.

गटप्रकल्पाचं उत्तर छोटं आहे. "माझा" म्हणून दाखवू नकोस. "आमचा" म्हणून दाखव आणि त्यात तुझं काय होतं ते नेमकं लिही: चौघांनी मिळून तयार केलेला संच, त्यातली कृतिपत्रिका आणि तिची वर्गातली चाचणी माझ्याकडे होती. बाकी तिघांना आधी विचार, आणि जमलं तर चौघांनी बसून कोणी काय केलं ते एकदा ठरवून घ्या. तुम्ही एकाच भागात नोकरी शोधत असाल, तर तोच प्रकल्प दोन अर्जांत दोन वेगळ्या दाव्यांसह एकाच टेबलावर पोचू शकतो. इंटरनेटवरून घेतलेली चित्रंही अशीच तपास. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे काही अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या परवान्याखालचं चित्र असेल, तर बहुतेक प्रकारांत श्रेय देणं बंधनकारक असतं. ते चित्राखालीच दे. पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून जोडू नकोस, धड्याचं नाव पुरतं.

मैत्रिणीसारखी वेबसाइट पैसे भरून करून घ्यायची का, याला माझं उत्तर आत्ता तरी नाही असं आहे. डिझाइन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी वेबसाइट हेच काम असतं. तुझ्यासाठी ते वेष्टण आहे. फुकट मिळणाऱ्या साध्या साइटवर चार पानं आणि त्याच चार पानांची एक पीडीएफ, एवढं भरपूर झालं. पीडीएफ हवीच, कारण २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं आहे आणि कुठल्याही यंत्रावर बहुधा जसंच्या तसं उघडतं. शिवाय ती फाइल तुझ्याकडे असते. साइट मात्र दुसऱ्याच्या जागेवर उभी असते. जिओसिटीज ही एके काळी लाखो लोकांच्या पानांची जागा होती, याहूने ती २००९ मध्ये बंद केली. फोटो ठेवण्याच्या फ्लिकर या साइटने २०१८ च्या अखेरीस फुकट खात्यांवर हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. बंद करणाऱ्यांनी आधी सूचना दिली होती, पण सूचना वाचायला माणूस त्या खात्यात जात राहिलेला लागतो.

हा धोका तुझ्या अगदी जवळ आहे. कॉलेजचं खातं पदवीनंतर किती काळ चालू राहणार, हे आज विचार. कार्यालयात विचार, मैत्रिणींना नको. आणि उत्तर काहीही आलं तरी या आठवड्यात सगळा साठा उतरवून घे. माहारासारखी ई-पोर्टफोलिओची प्रणाली असेल तर तिच्यात संपूर्ण पोर्टफोलिओ निर्यात करायची सोय असते. गुगलच्या खात्यात असेल तर टेकआउट ही सगळं उतरवून घेण्याची सोय बघ, कॉलेजने ते बंद ठेवलं असेल तर फोल्डरच उतरवून घे. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर. हे शेवटच्या परीक्षेच्या आधी कर, नंतर राहून जातं.

दुसऱ्या शाळेत लिंक उघडली नाही, त्याचं कारण बहुधा परवानगी हे असणार. कॉलेजच्या ड्राइव्हमधल्या फोल्डरची लिंक बाहेरच्या माणसाने उघडली की त्याला लॉगिन करून परवानगी मागायला सांगितलं जातं, आणि कुणीही ती मागत बसत नाही. तुझ्या संगणकावर तर ते नेहमीच उघडणार, कारण तू आधीच लॉगिन केलेली असतेस. म्हणून तपासताना ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत, जिथे तू लॉगिन नसतेस, तिथे उघड आणि मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघड. परवानगी "फक्त पाहणे" एवढीच आहे ना, तेही बघ. चुकून संपादनाची दिली असेल तर लिंक हाती आलेला कुणीही तुझा मजकूर बदलू शकतो. फाइलींना कळेल अशी नावं दे: तुझं नाव, विषय, कामाचं नाव. "पाठ नवीन फायनल" या नावाची फाइल उतरवून घेतली की ती त्यांच्याकडे हरवते.

फोनवर उघडशील तेव्हा वाचताही येतंय का ते बघ. फिक्या पार्श्वभूमीवर फिकी अक्षरं बऱ्याच टेम्प्लेटमध्ये असतात. वेबवरच्या मजकुराच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातली तफावत किमान ४.५ ला १ असावी असं म्हटलं आहे. ती मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. प्रत्येक चित्राला वर्णनाची ओळ जोड. दृष्टिबाधित व्यक्ती पडदावाचकाने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, तुझं पान ऐकत असेल, तर तिला चित्राच्या जागी तीच ओळ ऐकू येते. शिक्षिकेच्या पानावर हे असायलाच हवं.

हे सदर शिक्षकी पेशाबाहेरचेही वाचतात, त्यांच्यासाठी थोडं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी गिटहबवर अर्धवट प्रकल्पांची रांग लावण्यापेक्षा एक पूर्ण चालणारा प्रकल्प ठेवावा, आणि त्याच्या रीडमी फाइलमध्ये तो काय करतो, कसा चालवायचा आणि कोणता निर्णय का घेतला ते लिहावं. कोडमध्ये एखादा पासवर्ड किंवा गुप्त की चुकून गेली असेल, तर नुसती ओळ पुसून भागत नाही, ती जुन्या नोंदींत शिल्लक राहते. ती की रद्दच करावी लागते. नोकरीत केलेलं काम दाखवताना आधी करारातली गोपनीयतेची अट वाचा. ज्यांचं काम दाखवताच येत नाही, जसे हिशेबनीस किंवा मनुष्यबळ विभागातली माणसं, त्यांनी काल्पनिक आकडे घेऊन एक नमुना तयार करावा आणि त्यावर ठळक "नमुना, आकडे काल्पनिक" असं लिहावं. खऱ्या कंपनीच्या आकड्यांवर काळी पट्टी ओढून दाखवणाऱ्या उमेदवाराबद्दल मनात पहिला विचार येतो तो हा, की उद्या हा आमचेही आकडे असेच फिरवेल.

मागे पडल्याच्या भावनेबद्दल एवढंच म्हणते. तू तुझ्या पत्रात जे सहज लिहून गेलीस, "पहिल्या वर्गात फसला, दुसऱ्या वर्गात बदलून घेतला," ते विकतच्या टेम्प्लेटमध्ये नसतं. ते तुझ्याकडे आहे, आणि त्याचे कागदही तुझ्याकडे आहेत. ते वर आणायला तुला फार तर एक आठवडा लागेल. आधी परिपथाचं पान पूर्ण कर. ते मनासारखं झालं की बाकीची तीन पानं त्याच्या धर्तीवर होतील.

मुलाखतीला जाताना पीडीएफ छापून ने आणि फोनमध्येही ठेव, तिथे इंटरनेट असेलच असं नाही. तुझ्या एखाद्या उत्तराला पुरावा म्हणून योग्य पान उघडून समोर ठेव. "माझा पोर्टफोलिओ बघाल का?" असं विचारण्यापेक्षा "मुलांच्या चुकीच्या समजुतींबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचंच एक उदाहरण इथे आहे" असं म्हणणं केव्हाही चांगलं.

आणि त्या मुख्याध्यापिकांना पुन्हा लिही. जागा भरली गेली असेल तरी लिही. ज्यांनी मनापासून काही सांगितलं, त्यांना त्याचं काय झालं ते कळवणं यात कमीपणा नाही, आणि शाळांमध्ये जागा पुन्हा निघतात. मजकूर साधारण असा ठेव:

"आदरणीय मॅडम, मुलाखतीत तुम्ही माझ्या पोर्टफोलिओबद्दल जे म्हणालात, त्यावरून मी तो नव्याने मांडला आहे. एकूण चार पानं आहेत. वेळ कमी असेल तर फक्त पहिलं पान बघावं. एकच पाठ दोन वर्गांत दोन पद्धतींनी घेतल्यावर मुलांच्या उत्तरांत काय फरक पडला, ते त्यात आहे. लिंक परवानगी न मागता उघडते, सोबत पीडीएफही जोडली आहे."

पुढच्या अर्जांनाही हाच मजकूर चालेल. फक्त पहिलं वाक्य काढ, आणि त्या शाळेला ज्या कामाची गरज दिसते आहे ते पान पहिलं कर.

तुझी,
ताई